मऊ पाणी, जड पाणी

आमच्या बदलापुरात नळाला उल्हास नदीचं पाणी असलं की तूरडाळ मस्त शिजते. टँकरने बोअरचं आलं की शिट्ट्या मोजत बसा! साबणाला फेस नाही, पातेल्याला पांढरा थर. शाळेतलं ‘दुष्फेन’ पाणी ते हेच. परवा एका फिल्टरवाल्याने त्यात टीडीएसचा मीटर बुडवला आणि ४८० चा आकडा दाखवून घाबरवलं. अहो, आपलं भारतीय मानक ५०० पर्यंत ठीक म्हणतं! शिवाय हा मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या टाकीत गटाराचं पाणी झिरपलं, दोन मुलांना कावीळ झाली. तेव्हा आकडा होता जेमतेम ९०! असो. डाळ हट्टी असली तरी चालेल, प्यायचं पाणी मात्र आम्ही खळखळ उकळूनच घेतो. तुमच्याकडे काय करता?