घाबरं होतंय

वाचक माउली, तुमच्यापैकी कित्येकांची लेकरं आता परदेशी आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहायला जाणं होतं. म्हणून माझी एक चूक तुमच्यापुढे मांडतो.

आई फलटणजवळच्या आमच्या गावाहून न्यू जर्सीला माझ्याकडे आली होती. वीसहून जास्त वाऱ्या पायी केलेली बाई. इंग्रजीचा गंध नाही, हिंदी बाजारापुरती. एका रात्री छातीवर हात ठेवून म्हणाली, "घाबरं होतंय रे." रुग्णालयात नर्सनं विचारलं, काय होतंय? मी इंग्रजीत सांगितलं, ती घाबरली आहे.

तुम्हीच सांगा, घाबरं होणं म्हणजे का भीती वाटणं? छातीत धडधडतं, दम पुरत नाही, जीव कासावीस होतो. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण घाईत तोंडी आला तो इंग्रजी शब्द भीतीचा. पुढचा प्रश्न, गोळ्या वेळेवर घेतात का? मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना गं?" आईनं मान हलवली. मी सांगितलं, घेते. दुखणं शून्य ते दहामध्ये किती? "आहे आपलं थोडं," आई म्हणाली. मी सांगितलं, दोन. वारीत तळपायाला फोड आले तरी तिचं 'थोडं'च असायचं, हे मी विसरलोच.

यंत्रावर दिसणारे ठोके आणि माझं सांगणं नर्सला जुळेना. ती म्हणाली, मी फोनवर दुभाषी घेते. मला राग आला. पोटचा मुलगा उभा असताना परका माणूस कशाला? तिनं शांतपणे मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं.

तिथं 1964 च्या नागरी हक्क कायद्यापासून हे चालत आलंय. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयानं इंग्रजी न येणाऱ्याला दुभाषी द्यायचा, तोही फुकट. घरच्यांनीच भाषांतर करावं असा आग्रह धरायचा नाही. नुसतं "मराठी" एवढं सांगायचं. न विचारता हिंदीचा दुभाषी जोडून दिला, तर नको म्हणायचं. आपली माणसं भिडेपोटी तेवढंही बोलत नाहीत.

फोनवर एक मराठी बाई आली. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. "गोळ्या रोज घेता का?" आई गप्प. मग हळूच म्हणाली, "एक दिवसाआड घेते, बाई. गावाकडनं पाच महिन्यांच्याच आणल्या होत्या. मुक्काम वाढला. इथं औषधं लई महाग, पोराला कशाला भुर्दंड?"

ठोके आवरणारी गोळी होती ती. अशी मधेच तोडायची नसते. नर्सनं ते ऐकल्याबरोबर डॉक्टरांना बोलावलं. पहाटेपर्यंत धडधड उतरली.

माझ्या तोंडून हे कधी बाहेर आलं असतं? मला शब्द येत नव्हते असं नाही. मी समोर असताना आई ते बोललीच नसती.

सकाळी पुन्हा तोच फोन जोडला. गोळ्या कशा घ्यायच्या ते नर्सनं आईकडून उलट वदवून घेतलं. आईनं मधेच विचारलं, "तू कुठली गं?" दुभाषी बाईनं तो प्रश्नही इंग्रजीत नर्सला सांगून टाकला, त्यांचा तसा नियमच असतो. नर्स हसून म्हणाली, फिलिपिन्सची. मग आईनं तिच्या आईची विचारपूस केली.

निरोप घेताना आई फोनला हात जोडून म्हणाली, "राम कृष्ण हरी." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग दुभाषी बाई नर्सला इंग्रजीत म्हणाली, "त्या निरोप घेताहेत."