इराणशहाच्या वाटेवर

पश्चिम रेल्वेने मुंबईहून गुजरातकडे निघालं की महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन लागतं घोलवड. माणसं इथे उतरतात ती बोर्डीच्या समुद्रासाठी आणि चिकूसाठी. मी उतरले होते एका डोंगरासाठी. अस्वाली धरणाच्या मागे बहरोटचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्याजवळ कातळात खोदलेल्या गुंफा. पंधराव्या शतकात पारशांनी आपला सर्वांत पवित्र अग्नी या गुंफांत बारा वर्षं लपवून तेवता ठेवला. तो आजही विझलेला नाही. इथून थोड्याच स्टेशनांपलीकडे, उदवाड्याला जळतो आहे. पारशी त्याला इराणशहा म्हणतात, म्हणजे इराणचा राजा. राज्य गेलं, देश सुटला, तेव्हा त्यांनी राजपद अग्नीला दिलं.

एप्रिल होता, म्हणून उजाडायच्या आत निघालो. वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यावरचा एक वारली तरुण बरोबर होता. सागाची पानं गळून वाटेवर पसरलेली, त्यावर पाय सरकत होते. उतारावर मध्येच काळे पट्टे दिसत होते. “वणवा,” तो म्हणाला, “दर साली लागतो.” चढ छातीवर येणारा आहे, सावली कमी. वाटेत डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या दोन बाया भेटल्या. त्यांना वाट द्यायला आम्ही कडेला उभे राहिलो, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा लाकडांचा प्रश्न आला.

बारा वर्षं म्हणजे बारा पावसाळे. डहाणूच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. भिंतींना ओल, हवेत ओल, लाकूड फुगलेलं. अशात एक अग्नी रात्रंदिवस पेटता ठेवायचा, तोही या उंचीवर, तोही लपून. कोरडं लाकूड उन्हाळ्यातच फोडून, वाहून, रचून ठेवावं लागलं असणार. धान्य वर चढवावं लागलं असणार. गुंफांशेजारी पाण्याची खोदीव टाकी आहेत, तेवढी सोय आधीच्यांनी करून ठेवलेली. पण बाकी सगळं पाठीवर. पायथ्याच्या माणसांनी तोंड मिटून साथ दिल्याशिवाय हे बारा वर्षं निभलं असेल, असं मला वाटत नाही. इतिहासात नाव आलं ते पुरोहितांचं आणि सुलतानांचं. मोळ्या वाहणाऱ्यांचं कुठेच आलं नाही.

गुंफेच्या तोंडाशी बसलं की पश्चिमेला समुद्र दिसतो. याच समुद्रातून ती माणसं आली होती.

त्या येण्याची गोष्ट ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद या पुरोहितांनी ते १५९९ मध्ये लिहिलं, घटनेनंतर कित्येक शतकांनी, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणींवरून. इराणात अरबांची सत्ता आल्यावर काही जरथुष्ट्री डोंगराळ मुलखात राहिले, मग होर्मुझ बंदरात, तिथून जहाजाने दीवला. दीवला १९ वर्षं काढून पुन्हा निघाले, तर वाटेत वादळ. बुडता बुडता त्यांनी बेहराम या विजयदेवतेला नवस बोलला: किनाऱ्याला लागलो तर तुझा अग्नी स्थापू. लागले संजाणला. तिथल्या जदी राणाने धर्म काय ते विचारलं आणि अटी घातल्या: शस्त्रं खाली ठेवा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, लग्नं संध्याकाळी लावा. त्यांनी अटी मान्य केल्या आणि नंतर नवसाच्या अग्नीसाठी जागा मागितली. दुधात साखर विरघळवण्याची प्रसिद्ध कथा मात्र ‘किस्सा’त नाही. ती नंतर लोकांच्या तोंडी वाढली आणि इतकी गोड निघाली की मूळ ग्रंथापेक्षा जास्त पसरली.

ते आले कधी? अभ्यासक ७१६ पासून ९३६ पर्यंत वेगवेगळी सालं सांगतात. जमिनीतला पुरावा मात्र बोलका आहे. डहाणू तालुक्यातल्याच चिंचणीला राष्ट्रकूट काळातला, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट मिळाला. त्यात संयान, म्हणजे संजाण, हा प्रांत राजाने एका ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे सोपवल्याचं लिहिलं आहे. बंदर किती मिश्र वस्तीचं होतं, ते यातून कळतं. मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वी ही मंडळी कोकणात सहलीला हिंडण्याइतकी रुळली होती.

डोंगर उतरून दुपारच्या गाडीने संजाणला गेले. गाव लहान, धुळीचं. उतरल्याची आठवण म्हणून १९२० मध्ये उभारलेला उंच दगडी संजाण स्तंभ एवढंच पाहण्यासारखं, असं लोक सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटलं ते आता डोळ्यांना न दिसणारं. २००२ ते २००४ या काळात इथे उत्खनन झालं, तेव्हा निळ्या-हिरव्या लुकणाची इराणी खापरं, काच आणि जुन्या दोखम्याचे, म्हणजे शवविसर्जनाच्या वर्तुळाकार वास्तूचे अवशेष मिळाले. काव्यात सांगितलेलं बंदर मातीतही होतं.

पंधराव्या शतकात सुलतान महमूदच्या फौजा संजाणवर चालून आल्या. ‘किस्सा’ सांगतो की हिंदू राजाने पारशांना हाक दिली आणि अर्देशीर नावाच्या वीरासोबत चौदाशे जण लढले. एक दिवस जिंकले, पुढे अर्देशीर पडला आणि संजाण गेलं. शस्त्रं खाली ठेवायच्या अटीवर आलेली माणसं, ज्याने ठाव दिला त्याच्या वंशासाठी पुन्हा शस्त्र उचलतात. सगळ्या ‘किस्सा’त मला सर्वांत जिवंत वाटणारा भाग हाच. पुरोहितांनी अग्नी उचलला आणि बहरोट गाठलं. तिथून बारा वर्षांनी वांसद्याला, तिथे चौदा वर्षं. मग नवसारीचा पुढारी चांगा आसा याने तो नवसारीला नेला आणि तिथे तो अडीचशेहून अधिक वर्षं राहिला. १७३३ मध्ये लुटारू स्वाऱ्यांच्या भीतीने तीन वर्षांसाठी सुरतेला हलवावा लागला. दक्षिण गुजरातेत त्या वेळी गायकवाडांच्या फौजा फिरत होत्या, हे मराठी माणसाने आठवणीत ठेवायला हवं. अखेर नवसारीत पुरोहितांच्या दोन गटांत हक्काचा तंटा झाला. संजाणाहून आलेल्या पुरोहितांनी आपला अग्नी घेऊन गाव सोडलं आणि १७४२ मध्ये उदवाडा गाठलं.

उदवाडा स्टेशनपासून गाव बरंच आत, समुद्राला लागून आहे. रिक्षा गल्लीत शिरते आणि हवा बदलते. लाकडी खांबांचे ओटे, उतरती कौलं, दारावर मण्यांचं तोरण, उंबऱ्याशी पांढऱ्या पुडीचे मासे आणि फुलं उमटवलेला चोक. बरीच घरं कुलूपबंद. समुद्र दर वर्षी किनारा खात पुढे येतो आहे. मध्यभागी इराणशहाची भव्य वास्तू. सध्याची इमारत मोटलीबाई वाडिया यांनी १८९४ मध्ये बांधून दिली. दाराशी पाटी आहे: पारशी जरथुष्ट्रींखेरीज कोणाला आत प्रवेश नाही.

मला ते माहीत होतं आणि त्याचा राग आला नाही. जी वस्तू शतकानुशतकं शत्रूपासून लपवत फिरवली, तिच्याभोवती आडपडदा राहणारच. मी रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून राहिले. चंदनाचा वास भिंतीबाहेर येतो, त्याला कोणी अडवत नाही.

आतला अग्नी कसा घडतो हे मात्र कळू शकतं, कारण डॉ. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी विधींवरच्या आपल्या १९२२ च्या ग्रंथात ते बारकाईने लिहून ठेवलं आहे. इराणशहा हा आतश बेहराम, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी. तो काडी ओढून पेटत नाही. सोळा ठिकाणचे विस्तव आणावे लागतात: कुंभाराच्या आव्यातला, वीटभट्टीचा, सोनाराचा, लोहाराचा, टांकसाळीचा, रंगाऱ्याच्या भट्टीचा, भाकरी भाजणाऱ्याचा, दारू गाळणाऱ्याचा, मेंढपाळाचा, सैनिकाचा, फकिराचा, राजाच्या घरचा, जरथुष्ट्रींच्या घरांतला, वगैरे. एक विस्तव आकाशातल्या विजेने पेटलेला हवा, त्यासाठी वाट बघत बसण्यावाचून इलाज नाही. आणि एक चितेचा.

चितेच्या विस्तवापाशी मी अडकले. जरथुष्ट्री धर्मात अग्नीला प्रेताचा स्पर्श हा मोठा विटाळ. म्हणूनच ते दहन करत नाहीत. तरीही तो विस्तव टाळलेला नाही, आणून शुद्ध केला आहे. भोकं पाडलेल्या पळीत चंदनाच्या ढलप्या घ्यायच्या, पळी विस्तवाला न टेकवता वर धरायची आणि नुसत्या आचेने ढलप्या पेटल्या की तो नवा विस्तव. त्या नव्यावर पुन्हा पळी. चितेच्या विस्तवासाठी हे ९१ वेळा. मग प्रत्येक विस्तवावर प्रार्थना होतात आणि शेवटी सगळे एकत्र येतात. जो अग्नी पाहायची मला मुभा नाही, त्याच्या घडणीत कुंभार, सोनार, फकीर, शिपाई सगळ्यांचा वाटा आहे. बाकावर बसून मला हे फार समाधानाचं वाटलं.

दिवसाचे पाच प्रहर, पाचही प्रहरांना ‘बोई’ होते. तोंडावर पदान हे पांढरं फडकं बांधलेले मोबेद, म्हणजे पुरोहित, अग्नीवर चंदन रचतात, घंटा वाजवतात आणि वाईट विचार, वाईट शब्द, वाईट कृत्य यांना हुसकावतात. भाविक जाळीबाहेरून दर्शन घेतात, कपाळाला रक्षा लावतात. ही सेवा उदवाड्याच्या नऊ पुरोहित घराण्यांकडे पाळीपाळीने आहे. पाचवा प्रहर मध्यरात्री सुरू होतो. थंडी असो, ताप असो, कोणीतरी उठून आत जायचंच.

उतरले होते त्या घरच्या म्हाताऱ्या बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “ये डिकरी, तुला आत सोडलं नाही ना, इथे बघ.” चुलीमागच्या भिंतीवर हळदीकुंकवाने झारा, चिमटा, सूर्य, चंद्र काढलेले. पारशी पंचांगात आदर महिन्याचा आदर रोज हा अग्नीचा दिवस. इराणशहाची सालगिरी त्याच दिवशी आणि घरच्या अग्नीचा सणही त्याच दिवशी. चूल सारवून-पुसून सजवतात, तिला विसावा देतात. आता गॅस आहे, पण भिंतीवरची चित्रं तीच. संध्याकाळी बाईंनी छोट्या आफरगन्यात, म्हणजे अग्निपात्रात, निखारे घेतले, लोबान टाकला आणि खोल्या-खोल्यांतून धूर फिरवला. त्या घरात मेणबत्ती फुंकून विझवत नाहीत. फुंकरीबरोबर उष्टी लाळ अग्नीवर जाते म्हणून.

माझी आजी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकायची आणि ज्या घरचा विस्तव विझला असेल त्या घरची मुलगी सकाळी गोवरी घेऊन मागायला यायची. विस्तव नाही म्हणायचं नसतं, असं ती म्हणे. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग तुमच्याकडे पण होता की राजा.”

भारतात आज आठ आतश बेहराम आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाड्यात एकेक. मुंबईतला सर्वांत जुना फणसवाडीतला दादीशेठ, १७८३ चा. सर्वांत नवा अंजुमन, १८९७ चा. त्यानंतर एकही नवा स्थापन झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या पारशांची संख्या ५७,२६४ होती. मोबेदांची मुलं शिकून शहरात, परदेशात जातात, आणि त्यांना दोष कसा द्यावा? बाईंचे दोन्ही मुलगे बाहेर आहेत. सुलतानाच्या फौजेपासून अग्नी डोंगरावर नेऊन वाचवता आला. मध्यरात्रीच्या बोईला उठणारा माणूस मिळाला नाही, तर तो कुठल्या डोंगरावर नेणार? इराणशहापुढचा खरा प्रश्न आज हाच आहे, आणि तो सोडवणं त्या समाजाच्याच हाती आहे.

आपल्या हाती थोडंसं आहे. उदवाड्याला जरूर जा. सालगिरी सध्या एप्रिलच्या सुमारास येते, त्या दिवसांत जाणं टाळा, म्हणजे दुरून येणाऱ्या भाविकांना खोल्या मिळतील. दाराशी फोटोसाठी गर्दी करू नका, आत सोडा म्हणून हुज्जत घालू नका. आणि बहरोटला गेलात तर गुंफेत चूल मांडू नका, भिंतींवर नावं खरवडू नका, उतारावर पेटती काडी टाकू नका.