एक तारखेचा तक्ता

कोबाल्ट-60 दर महिन्याला साधारण एक टक्का म्हातारा होतो. त्याचं अर्धायुष्य 5.27 वर्षं. जोर असा उतरत जातो, आणि रुग्णाला ठरलेलाच डोस द्यायचा तर किरणांचा शेक देणारं मशीन तेवढं जास्त वेळ चालू ठेवावं लागतं. म्हणून प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला आम्ही नवा तक्ता करायचो. डावीकडे फील्डचे आकार, वरच्या ओळीत खोली, मधल्या चौकटींत मिनिटं. कॅसिओवर एकदा सगळं करायचं, मग खालून वर पुन्हा एकदा, आणि मग टाइप करून कन्सोलशेजारच्या भिंतीवर चिकटवायचं. जुना तक्ता काढून फाडण्याचं काम मी कधी कुणावर सोपवलं नाही. भिंतीवर दोन तक्ते राहिले की कुणीतरी चुकीच्या तक्त्यावरून वेळ लावणार, हे ठरलेलं.

आज माझ्याकडे येणाऱ्या इंटर्नपैकी बहुतेकांनी असा तक्ता पाहिलेला नसतो. त्यांच्या लिनॅकमध्ये, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनमध्ये, किरणोत्सारी पदार्थच नाही; वीज बंद, किरण बंद. कोबाल्टचा सोर्स अडकला तर तो आत ढकलायला खोलीबाहेर टांगलेला लोखंडी टी-रॉड त्यांना फक्त पुस्तकातल्या चित्रातून माहीत. मी त्याबद्दल बोलायला लागलो की मुलं आदराने ऐकतात आणि हळूच घड्याळाकडे बघतात. साहजिक आहे. आम्हीही आमच्या सरांच्या रेडियमच्या गोष्टी अशाच ऐकायचो.

आमच्या वेळी शिक्षण म्हणजे ट्रॉम्बेचं एक वर्ष. आधी भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. हा अभ्यासक्रम 1962 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाला. परळचं टाटा रुग्णालयही त्याच वर्षी अणुऊर्जा खात्याकडे आलं, त्यामुळे ट्रॉम्बेत शिकलेलं परळला बघायची सोय झाली. देशातल्या पहिल्या मेडिकल फिजिसिस्टांत ज्यांचं नाव घेतात ते रामय्या नायडू टाटातलेच. आमच्या संघटनेत त्यांच्या नावाचं व्याख्यान आजही होतं. आम्ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ट्रॉम्बेत होतो. हातात जॉन्स आणि कनिंगहॅमचं जाडजूड पुस्तक, नाहीतर झेरॉक्स केलेला फैज खान. चेंबूरला लोकलमधून उतरायचं आणि बस पकडायची. वर्गात गणितं पक्की करून घेत. रुग्णालयात मात्र गर्दीमागे टाचा उंचावून बघण्यातच आमचे बरेचसे दिवस गेले.

वर्ष संपलं, प्रमाणपत्र हातात आलं, आणि लगेच नोकरी. मधे काही नाही. घाटावरच्या एका गावात धर्मादाय रुग्णालयात मी एकटा फिजिसिस्ट म्हणून रुजू झालो. आधीचे गृहस्थ आखातात गेले होते. मागे राहिली होती कपाटाची किल्ली आणि सुवाच्य अक्षरातली रजिस्टरं. शंका आली तर विचारायला कुणी नाही. ट्रॉम्बेला ट्रंक कॉल लावायचा, नाहीतर पत्र लिहायचं. उत्तर यायचं, अगदी सविस्तर यायचं, पण तोवर त्या रुग्णाचे शेक संपत आलेले असायचे.

पहिल्याच महिन्यात एका साध्या गोष्टीने मला जमिनीवर आणलं: हवेचा दाब. मशीनचं आउटपुट मोजायला जो आयन चेंबर वापरतात तो हवेला उघडा असतो, म्हणून तापमान आणि दाब यांची दुरुस्ती करावी लागते. मुंबई समुद्रसपाटीला. तिथे दाबाची दुरुस्ती इतकी किरकोळ की शिकताना ती शेपटासारखी शेवटी जोडायची. घाटावर तोच दाब 950 मिलिबारच्या आसपास. नुसत्या दाबापोटी पावणेसात टक्के. खोलीत पंखाच असेल आणि पारा 31 अंशांवर असेल तर दोन्ही मिळून दहा टक्क्यांच्या वर. सुदैवाने डिप्लोमाच्या एका सरांनी निघताना बजावलं होतं: वेधशाळेला फोन करशील तर 'तुमच्या ठिकाणचा दाब' असं स्पष्ट विचार; ते जो आकडा छापायला देतात तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुढे कितीतरी वर्षं मी तो प्रश्न त्याच शब्दांत विचारत आलो. पलीकडचे साहेब नंतर नंतर माझा आवाज ऐकूनच आकडा सांगायचे. आता इंटर्नच्या टेबलावर डिजिटल बॅरोमीटर असतो आणि इलेक्ट्रोमीटर दुरुस्ती आपली आपण करतो. तरी मी त्यांना आकडा वहीत हाताने लिहायला लावतो. घाटावर नोकरी लागली तर ते माझी आठवण काढतील, बरी की वाईट ते बघू.

लोडशेडिंगचा त्रास वेगळाच. वीज गेली की कोबाल्टचा सोर्स आपोआप मागे सरकायचा. मशीन बनवणाऱ्यांनी ते नीट केलं होतं. पण रुग्ण आत टेबलावर, अर्धा शेक झालेला. मग टायमरवर किती उरलं ते टॉर्चच्या उजेडात टिपायचं. टायमर मिनिटांच्या दशांशात चाले, सेकंदांत नाही: 0.3 म्हणजे अठरा सेकंद.

हा दशांश गमतीचा विषय नाही. 1996 साली कोस्टा रिकातल्या सान होजे शहरात कोबाल्टचा सोर्स बदलला, आणि मोजणी करताना 0.3 मिनिटं ही तीस सेकंद धरली गेली. नवा सोर्स आहे त्यापेक्षा मवाळ वाटला, म्हणून प्रत्येकाचा वेळ वाढवला गेला. 115 रुग्णांना ठरल्यापेक्षा पन्नास-साठ टक्के जास्त डोस गेला. ती मोजणी कुणी दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासलेली नव्हती. मी त्या अपघाताचा अहवाल वाचला तेव्हा नोकरीत चांगला मुरलेलो होतो, आणि तरीही त्या रात्री झोप लागली नाही. कारण माझीही मोजणी दुसरं कुणी तपासत नव्हतं. 'आमच्या वेळी सगळं स्वतःच्या हिमतीवर शिकलो' असं माझे समवयस्क अभिमानाने सांगतात ना, त्यांना मी हळूच विचारतो: शिकताना आपण कुणाच्या अंगावर शिकलो?

तरी एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसलो.

सीटी नव्हता, त्यामुळे रुग्णाच्या शरीराचा आडवा छेद कागदावर आणायचा तर रुग्णाजवळ जावंच लागे. अन्ननलिकेचा कॅन्सर असेल तर छातीच्या त्या पातळीवर. रुग्ण टेबलावर पडलेला, पाठ सपाट, शेजारी सिस्टर. मी आधी कॅलिपरने पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे अंतर मोजायचो. मग शिशाची मऊ तार छातीवर ठेवून दोन्ही बाजूंनी अंगालगत दाबत टेबलापर्यंत न्यायची. तार थंडगार, रुग्ण दचकायचा. मधल्या रेषेवर आणि बाजूच्या खुणांवर तारेलाही पेनाने खुणा करायच्या, श्वास रोखून ती उचलायची आणि ग्राफ पेपरवर ठेवून पेन्सिल फिरवायची. उचलताना तार थोडी पसरतेच, म्हणून कॅलिपरचे आकडे कागदावर जुळतात का बघायचं. नाही जुळले तर पुन्हा टेबलाकडे. एका आजींनी दुसऱ्यांदा तार टेकवताना विचारलं होतं, "झंपर शिवतोस काय रे बाळा माझा?" मी म्हटलं, हो आजी, मापात बसायला पाहिजे ना. मग त्या निवांत पडून राहिल्या, आणि गिळताना नेमकं कुठे अडतं ते बोट ठेवून दाखवलं.

त्या कागदावर मग आयसोडोसचे, म्हणजे सारख्या डोसच्या रेघांचे, पारदर्शक तक्ते. उजेडाच्या पेटीवर एकाखाली एक ठेवून एक फील्ड पुढून, दोन मागून तिरकी. रेघा जिथे जिथे एकमेकींना छेदतात तिथे बेरजा करायच्या आणि सारख्या बेरजांचे ठिपके रंगीत पेन्सिलने जोडायचे. फुप्फुसातून जाणारा किरण किती जास्त पोचेल त्याचा हिशेब वेगळा. एका रुग्णाला एक संध्याकाळ जायची, आणि एवढ्यानंतर हाती यायचा एकच छेद. त्याच्या वरखाली काय होतं ते अनुभवावर आणि देवावर. आज त्याच अन्ननलिकेचे तीन-तीन मिलिमीटरचे छेद असतात, हृदयाला किती आणि पाठीच्या कण्याला किती ते संगणक दाखवतो. तुलनाच नको. आमचे ते रंगीत कागद फार देखणे दिसायचे एवढंच, उपचार आजचाच चांगला.

ब्रॅकीथेरपीबद्दल, म्हणजे सोर्स शरीराच्या आत ठेवून दिलेल्या शेकाबद्दल, तर हळहळ वाटायचं काहीच कारण नाही. सीझियमच्या नळ्या लांब चिमट्यांनी, शिशाच्या विटांआड उभं राहून भरायच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची बाई एकदोन दिवस वेगळ्या खोलीत एकटी, न हलता. नर्स धावत आत, धावत बाहेर. आता इरिडियमचा दाणा मशीन स्वतः आत नेतं आणि काही मिनिटांत परत आणतं. छातीवरचा, आमच्या अंगावर पडलेले किरण नोंदवणारा टीएलडी बॅज तेवढा तसाच राहिला, दर तीन महिन्यांनी मोजायला जातो.

2011 साली अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संहितेने डिप्लोमानंतर किमान बारा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची केली. सुसज्ज रेडिएशन विभागात, अनुभवी फिजिसिस्टच्या हाताखाली. त्यानंतर आरएसओ म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं प्रमाणपत्र. माझ्या मते आमच्या क्षेत्रात मशीनपेक्षा मोठी सुधारणा ही आहे. आता इंटर्न सकाळी रुग्ण यायच्या आत लिनॅक तपासतो: आउटपुट, लेझर, अंतर दाखवणारा दिवा. दिवसभर प्लॅनिंग. संध्याकाळी उद्याचे प्लॅन मशीनवर चालवून बघायचे आणि मोजलेला डोस संगणकाच्या डोसशी ताडायचा. 3 टक्के आणि 2 मिलिमीटरच्या कसोटीत 95 टक्के बिंदू बसले पाहिजेत. नाही बसले तर का नाही, हे सिनियरला सांगायचं. आणि प्रत्येक आकड्याखाली दुसऱ्याची सही. ती दुसरी सही मला त्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची वाटते.

वर्ष मात्र अपुरं आहे. माझी एक विद्यार्थिनी अमेरिकेत आहे. तिथे 2014 पासून मान्यताप्राप्त रेसिडेन्सी केल्याशिवाय मेडिकल फिजिसिस्टला बोर्डाच्या परीक्षेत पुढे जाता येत नाही, आणि रेसिडेन्सी साधारण दोन वर्षांची. जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून 2015 पासून डॉक्टरांसारखी, अर्जदार आणि जागा यांची जोडी लावणारी 'मॅच' पद्धत. मॅचच्या निकालाच्या दिवशी तिने फोन केला तेव्हा आधी रडली, मग हसली, मग पुरणपोळीची रेसिपी विचारली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही दोन वर्षांचंच प्रशिक्षण सुचवते. आपल्याकडे एका वर्षात लिनॅक, ब्रॅकीथेरपी, सुरक्षा, कागदपत्रं सगळं कोंबायचं, आणि तेही काही ठिकाणी विद्यावेतनाशिवाय. एम.एस्सी. आणि डिप्लोमा झालेल्या मुलाने मुंबईत किंवा पुण्यात खोलीचं भाडं कशातून द्यायचं, याचं उत्तर मला कुठल्या बैठकीत मिळालेलं नाही. सांगलीचा किंवा परभणीचा मुलगा घरून पैसे मागवत वर्ष काढतो आणि आम्ही त्याला 'अनुभव मिळतोय' म्हणतो. आम्हाला शिकवणारं कुणी नव्हतं, पण पहिल्या महिन्यापासून पगार तरी होता.

दुसरी उणीव अशी, की आजचा इंटर्न वर्षभर शेकडो रुग्णांचे प्लॅन करून एकाही रुग्णाशी न बोलता बाहेर पडू शकतो. सीटीवरून शरीर पडद्यावर येतं, कॉन्टूर तिथेच, डोस तिथेच. नाव असतं, फाईल नंबर असतो. जबड्याच्या कॅन्सरचा रुग्ण प्लॅस्टिकच्या मास्कखाली तोंड उघडू शकत नाही, त्याला खोकला आला तर तो हात वर करतो, तिसऱ्या आठवड्यात वजन घटलं की मास्क ढिला होतो आणि सुंदर प्लॅन दोन मिलिमीटर सरकतो. हे पडद्यावर दिसत नाही, टेक्नॉलॉजिस्टना रोज दिसतं. आम्हाला ती शिशाची तार रुग्णाकडे घेऊन जायची. आमच्या अंगी काही विशेष करुणा होती असं मुळीच नाही, दुसरा इलाजच नव्हता.

म्हणून मी आता इंटर्नना पहिल्या आठवड्यात मास्करूममध्ये पाठवतो. गरम पाण्यातून जाळी बाहेर काढायची, चेहऱ्यावर ओढून धरायची, ती घट्ट होईपर्यंत रुग्णाशी बोलत राहायचं. मग तो एक रुग्ण शेवटच्या शेकापर्यंत त्या इंटर्नचा: प्लॅन, तपासणी, दर आठवड्याला मास्क बसतो का ते बघणं, सगळं. गेल्या वर्षीच्या एका मुलीने नाक मुरडलं होतं, "सर, हे टेक्नॉलॉजिस्टचं काम ना?" तिसऱ्या आठवड्यात तीच तरातरा माझ्या खोलीत आली. काकांचा मास्क गालापाशी बोटभर सुटलाय, पुन्हा सीटी करायला पाहिजे, डॉक्टरांशी तुम्ही बोलता की मी बोलू? तिलाच बोलायला सांगितलं. सीटी झाला, प्लॅन बदलला. संध्याकाळी लॉगबुक घेऊन सहीला आली आणि म्हणाली, याला यात रकानाच नाही. 'इतर'मध्ये लिही म्हटलं, आणि तारीख घाल.