मरीन ड्राइव्हची पहाट आणि पायांतले बूट

पहाटे चर्चगेटला उतरून आपण पश्चिमेकडे वळलात, की काही मिनिटांतच समुद्र समोर येतो. मरीन ड्राइव्हचा हा अर्धचंद्राकृती पट्टा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा. समुद्र पश्चिमेला आणि इमारती पूर्वेला असल्यामुळे सूर्य उगवल्यावरही त्यांची सावली बराच वेळ पदपथावर रेंगाळते. साठी-सत्तरीतल्या धावणाऱ्यांना ही सावली फार मोलाची. वाटेत चढउतार नाही, आणि दम लागलाच तर टेकायला कठडा आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी दौड असते. तिच्या आधीच्या महिन्यांत इथली पांढऱ्या केसांची वर्दळ आणखी वाढते.

उणीव एकच: पायाखाली काँक्रीट आहे, आणि काँक्रीट दबत नाही.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. आपले वजन ८५ किलो असेल, तर हा भार १७० ते २५५ किलोंच्या घरात जातो, आणि एका किलोमीटरमध्ये अशी हजाराहून अधिक पावले पडतात. निसर्गाने टाचेखाली चरबीची गादी दिली आहे खरी. पण वयाबरोबर तिची लवचिकता कमी होते. म्हणून या वयात बुटाच्या तळव्याला त्या गादीचे काही काम करावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुकानात पाय घालताच ढगावर उभे राहिल्यासारखे वाटणारा बूट वजनदार माणसासाठी उत्तम असेलच असे नाही. अतिमऊ फोम जड शरीराखाली पुरता दबतो, आणि पुरता दबलेला फोम धक्का शोषत नाही. शिवाय उंच व लिबलिबीत तळव्यावर घोटा डुलतो. तोल आधीच नाजूक झालेल्या वयात हे धोक्याचे. जाड, पण दाबाला उत्तर देणारा फोम आणि जमिनीला टेकणारा रुंद तळ पाहावा. बुटाची मागची बाजू अंगठ्याने दाबून पाहावी; ती सहज आत जाता कामा नये. बूट दोन्ही हातांत धरून वाकवावा: तो बोटांपाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवावा. पोटऱ्या किंवा टाचेमागचा स्नायुबंध दुखरा असेल, तर टाच पंजापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असलेला बूट सहसा सुखाचा ठरतो.

खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि धावतानाही ते तसेच सुजतात. नेहमीचे मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पायांचे माप उभे राहून घ्यावे व मोठ्या पायाप्रमाणे बूट निवडावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ते बोट पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे असते. पंजा रुंद असेल, तर लांबीचे माप वाढवून भागवू नये. त्याने टाच मागे निसटते. काही कंपन्या रुंद पायांसाठी २ई आणि ४ई अशी मापे काढतात, ती आवर्जून मागावीत. विक्रेता काहीही सांगो, दुकानात चार फेऱ्या मारल्यावर जो बूट चावत नाही, तोच आपला.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र ‘चावत नाही’ हा निकष कामाचा नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच बूट घ्यावेत. घरच्यांनी रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा वा उसवलेली शिवण नाही ना, हे पाहावे आणि परत आल्यावर तळपाय तपासावेत. वाकणे जड जात असेल, तर ताणणाऱ्या लवचिक नाड्या व लांब दांड्याचे शूहॉर्न हा मोठा दिलासा आहे.

गिरगाव चौपाटीवर पोहोचलात, की वाळूवर धावण्याचा मोह होईल. तो आवरावा. मऊ वाळूत टाच खोल जाते आणि पोटरीवर ताण येतो. पाण्याजवळची वाळू घट्ट असते, पण उतरती. त्यापेक्षा चर्चगेटच्या पूर्वेकडचे ओव्हल मैदान बरे. तिथली माती काँक्रीटहून सौम्य आहे. फक्त खळग्यांवर नजर हवी. दोन दिवस समुद्र, एक दिवस मैदान, अशी वाटणी करता येते.

पावसाळ्यात ओला पदपथ निसरडा होतो. तळव्याचे रबर गुळगुळीत झालेले बूट त्या दिवसांत घालूच नयेत. भिजलेले बूट उन्हात वा हीटरपाशी ठेवू नयेत, उष्णतेने फोम आणि डिंक दोन्ही बिघडतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवावेत. बूट वरून नवे दिसले तरी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरांत फोम थकतो, आणि वजन जास्त असेल तर ५०० च्या आसपासच. बुटाच्या जिभेमागे पेनाने खरेदीची तारीख लिहून ठेवावी. आठवड्याला २० किलोमीटर होत असतील, तर सहा महिन्यांनी ती वाचायला विसरू नये.