मिटणारं टेबल

घरात जेवायचं टेबल घ्यायचं ठरवलंय. उघडलं की सहा माणसांचं, मिटलं की भिंतीला चिकटणारं. गल्लीत कळलं तशी पोरं हसली. एकजण म्हणाला, "कवी, आता काटा-चमचा बी आण." दोस्तांनो, तुम्हीही हसाल. चळवळीच्या अंकात हा फर्निचरवर लिहितोय म्हणाल. हसा. पण दोन महिने पाळी सुटली की खिशात मापाची टेप घालून हिंडतोय, आणि हिंडताना जे दिसलं ते दुसऱ्या कुठल्या अंकात छापून येणार नाही.

घर आमचं इचलकरंजीजवळच्या गावात, बौद्धवाड्यात. रमाई आवासचं. २६९ चौरस फूट. पुढची खोली १० बाय १२, मागं स्वयंपाकाची, कडेला मोरी. पुढच्या खोलीत भिंतीला लागून खाट, ६ बाय ३ ची. एक लोखंडी कपाट, टीव्ही, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. माणसं पाच. आज्जी, आबा, आई, बारकी बहीण आणि मी. आबा यंत्रमागावर, बारा तास. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर. धागा तुटला की जोडायचा, बॉबिन भरली की उतरवायची, पाळीभर फ्रेमच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं. कविता रात्रपाळी नसेल तेव्हा, ट्रंकेवर वही ठेवून.

टेबलाचं निघालं आज्जीवरून. तिचे गुडघे गेले. खाली बसली की दोघांनी धरून उठवावं लागतं. म्हणून ती खाटेवर बसते, ताट मांडीवर घेते, आमटी लुगड्यावर सांडते आणि सांडलेली आमटी पदरानं झाकते. ते झाकणं मला बघवेना. बहिणीचं दुसरं कारण. ती बारावीला. अभ्यास खाटेवर पालथी पडून. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा बाबासाहेबांना लवकर झोपवायचे आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवायचे, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो. सांगून झाल्यावर बारकी परत खाटेवर पालथी पडते.

तर एका रविवारी बोलणं निघालं, टेबल केवढं घ्यायचं? आबा म्हणाले, "चौघांचं बास झालं की." मी बोटं मोजली. म्हटलं, "आबा, आपण पाच." आबा म्हणाले, "चारच की. म्हातारी, मी, तू, बारकी." मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय, चौघांचं बास."

आईनंसुद्धा चारच मोजले.

तेव्हापासून ते टेबल डोक्यातून जाईना. जागा नाही म्हणून ती मागं जेवते असं नाही. पाच माणसं गोल करून बसली तर त्या खोलीत मावतात, टेपनं मोजलंय. भाकरीचं कारण. तव्यावरची भाकरी फुगली की ताटात पडायला पाहिजे, गरम. आबा जेवत असतात तेव्हा ती थापत असते. मी जेवत असतो तेव्हा ती थापत असते. आमचे हात धुऊन झाले की ती चुलीकडं तोंड करून जे उरलंय ते घेते. कालवण बहुतेक उरत नाही. मग चटणी.

पंगतीचा हिशोब आपल्याला कुणी शिकवायला नको. आज्जी सांगते, पाटलाच्या घरी लग्न असलं की आमच्या लोकांना शेवटी हाक यायची. ताट घरचं न्यायचं. बसायचं जनावरं बांधतात त्या बाजूला. वाढणारा वरून टाकायचा. १९३६ साली बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' लिहिलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं ती परिषदच रद्द केली, म्हणून भाषण स्वतः छापलं. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाची हकीकत आहे. तिथला एक अस्पृश्य माणूस यात्रा करून आला आणि त्यानं आपल्याच लोकांना जेवण घातलं. वाढण्यात तूप होतं. तेवढ्यावरून शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना मारलं. माणसं भरली ताटं टाकून जीव घेऊन पळाली. तूप! आपल्या पैशाचं, आपल्या ताटात.

हे वाचून आपण पेटतो. पेटलंच पाहिजे. पण सभेत पेटून घरी आलेला कार्यकर्ता ताटावर बसतो आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणतो, "गरम हाय का?" ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी टेबलाकडं वळतो.

पहिल्यांदा मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारवा. वाढणारं टेबल दाखवा म्हटलं. त्यानं दाखवलं ते झकास होतं. दोन्ही टोकांना धरून ओढलं की वरचा भाग मधून फाकतो, खालनं घडी घातलेली फळी वर येते, फुलपाखराच्या पंखासारखी उघडते. चौघांचं सहाजणांचं होतं. मेकॅनिझम बघून मन खूश झालं, सरकपट्टी लोण्यासारखी चालत होती. पण किंमत माझ्या दोन पगारांच्या वर. आणि मुख्य भानगड अशी की मिटल्यावरही ते साडेतीन बाय अडीच फूट राहतंच. ज्यांच्या घरात जेवायची वेगळी खोली आहे त्यांच्यासाठी ते वाढतं. आम्हाला वाढणारं नको, नाहीसं होणारं पाहिजे. रात्री तिथं मला अंथरूण टाकायचं असतं.

त्या सेल्समननं घर केवढं विचारलं, गाव विचारलं, गावात कुठल्या बाजूला ते विचारलं. मग हसून म्हणाला, "तुमच्यात खाली बसूनच जेवतात ना?" तुमच्यात. मी टेबलाचा कोपरा हातानं दाबून बघितला, डुगडुगला. त्याला तेवढंच सांगितलं, टेबल हलतंय तुमचं.

दुसरा प्रकार भिंतीला बिजागऱ्यांनी अडकवायची फळी. स्वस्त. मिटली की भिंतीवर चार बोटं जाडी. पण आमची भिंत चार इंची विटेची. सहा ताटं, पातेलं आणि वर कोपर टेकून बसलेले आबा, एवढा भार दोन ब्रॅकेटवर टाकायचा म्हणजे एक दिवस भिंतीसकट जेवण खाली. शिवाय एक बाजू भिंतीला गेली की माणसं तीनच बाजूंना बसतात. परत चौघंच.

तिसरा प्रकार एका सुतारानं दाखवला. आमच्याच गिरणीतल्या पोराचा मामा. मधे एक अरुंद पट्टी, दोन्हीकडं लोंबणारी पानं. पान वर उचलायचं आणि खालचा पाय फाटकासारखा फिरवून त्याच्याखाली आणायचा. झालं. सुतारासोबत जमिनीवर खडूनं काढलं. मधली पट्टी १२ इंच, दोन्ही पानं २४-२४ इंच, रुंदी ३०. सगळं उघडलं की ६० बाय ३०. मिटलं की १२ बाय ३०, बाबासाहेबांच्या फोटोखाली गप उभं राहील. उंची ३० ठेवली म्हणजे २४ चं पान लोंबलं तरी जमिनीपासून सहा इंच वर राहतं, लादी पुसताना भिजत नाही. एकच पान उघडलं की बारकीचं अभ्यासाचं टेबल.

जेवताना एका माणसाला दोन फूट रुंदी लागते, नाहीतर कोपराला कोपर घासतं. पाच फुटांच्या लांबीत दोघं ऐसपैस. दोन्ही बाजूंना दोन-दोन, टोकांना एक-एक. सहा. आता खोली. रुंदी १० फूट म्हणजे १२० इंच. त्यात खाट ३६ आणि टेबल ३०. उरले ५४. टेबल खाटेला लावलं की एका बाजूची बैठक खाटच झाली, खुर्च्यांची जागा वाचली. समोर स्टुलांना २४ द्या. जायला-यायला ३० इंच उरतात. आबांना दोनदा मोजून दाखवलं.

लाकडाचं सांगतो, कुणाला घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल. भुशाचा दाबलेला बोर्ड घेऊ नका, वरून कितीही चकचकीत असू दे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगेच्या काठच्या घरांतली तसली कपाटं पुरीसारखी फुगली होती. २०२१ ला परत तेच. पूर नसला तरी कडेनं रोज पाणी झिरपतं. प्लायवूड घ्या, पाण्यात टिकणारं. पाय लाकडाचेच. आणि बिजागरीचा स्क्रू प्लायच्या कडेत मारू देऊ नका, थर सुटतात. खालच्या अंगाला सपाटीवर मारायला लावा. लांबसडक एकसंध बिजागरी सगळ्यात बरी, भार वाटला जातो. उघडलेल्या टेबलाचा कोपरा दाबून बघा. रिंग फ्रेमवर स्पिंडल डुलायला लागली की धागा तुटतच राहतो, तसंच हे. पानाच्या फटीत शितं अडकणार, ती रोज पुसावी लागणार. कोण पुसणार, ते आधी ठरवा.

सुतारानं बारा हजार सांगितले. तीन हप्त्यांत.

सहावी जागा कुणाची, असं बारकीनं विचारलं. आमच्या फ्रेमवर एक दोस्त आहे. गिरणीच्या कँटीनला एकाच टेबलावर बसतो, माझ्या डब्यातलं सुकट ओढून खातो. घरी बोलावलं की त्याचा उपवास असतो. सोमवार, शनिवार, संकष्टी. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे. राजाला जमलं ते माझ्या दोस्ताला शंभर वर्षांनी जमेना. नुसत्या सहभोजनानं जात जाणार नाही, बाबासाहेबांनी १९३६ ला बजावलंय. आंतरजातीय लग्न हा खरा उपाय, आणि त्याच्याही आधी शास्त्रांवरची श्रद्धा जायला पाहिजे. माहीत आहे. तरी सहावी जागा ठेवणार. न आलेल्या माणसाची जागा रिकामी दिसायला पाहिजे.

राहिली भाकरी. टेबल आलं तरी आई चुलीपुढंच राहणार असेल तर बारा हजारांचं लाकूड काय कामाचं? बारकी म्हणाली, आधी थापून दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, सगळं टेबलाच्या मधे मांडायचं, ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. आबा भडकले. "बारा तास मागावर उभा ऱ्हायचं आन गार भाकरी खायची व्हय?" आई मधे पडली, ऱ्हाऊ द्या, मी थापते. बारकी म्हणाली, "आई सकाळपास्नं दुसऱ्याच्या रानात वाकलेली असती, तिच्या भाकरीचं काय?" आबा उठून बाहेर गेले. बाहेर म्हणजे कट्ट्यावर. आमच्या घरात रागावून जायला तेवढीच जागा आहे.

तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी रात्री मी पाळीवरून आलो तर दुरडीतल्या भाकरीला हात लावून बघत होते, किती गार होते म्हणून. मी काही बोललो नाही.

शनिवारी सुताराला पहिला हप्ता दिला. संध्याकाळी जागांचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, स्टुलं चारच घ्यायची, एकात एक बसणारी. आबांनी लगेच धरलं, "बघा! चार स्टुलं. म्हणजे चौघांचंच की."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. आई म्हणाली, "मी खाटंवर. आज्जीजवळ, भिंतीकडनं."

तिथं बसलं की सारखं उठता येत नाही. पुढच्याला सरकायला लावावं लागतं.