स्थिर आवृत्ति कीं नवी?

संगणकाचीं सर्व कामें ज्या मूळ आज्ञावलीच्या आधारें चालतात, तिला कार्यप्रणाली म्हणतात. डेबियन ही अशीच एक कार्यप्रणाली, सर्वांस विनामूल्य व खुली. १९९३ सालीं इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें ती सुरू केली. आज ती जगभरचे स्वयंसेवक चालवितात. ती संगणकावर चढवितांना प्रश्न मराठींतहि विचारले जातात, याचें मला विशेष कौतुक वाटतें.

तिच्या शाखा तीन. नवी आज्ञावली बहुधा प्रथम ‘अस्थिर’ शाखेंत येते. कांहीं दिवस गंभीर दोष न आढळल्यास ती ‘चांचणी’ शाखेंत जाते. आणि सुमारें दोन वर्षांनीं नवी भर थांबवून, राहिलेले मोठे दोष काढून, तिचीच ‘स्थिर’ आवृत्ति होते. तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघाली. अस्थिर शाखेचें नांव कायमचें ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांत खेळणीं मोडणारा शेजारचा मुलगा तो हाच!

स्थिर म्हणजे निर्दोष, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. स्थिर म्हणजे न बदलणारी. तींत सुरक्षेच्या व मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. बाकी सर्व काल होतें तसेंच उद्यां असतें. उलट चांचणी शाखेंत सुरक्षेची दुरुस्ती कधीं कधीं उशिरां पोंचते, हें नव्याच्या हौशी मंडळींच्या ध्यानांतहि नसतें.

येथें सिंदी मेघे येथील नववीच्या एका विद्यार्थ्यानें वडिलांच्या दुकानांतील संगणकावर ‘सिड’ घालण्याचा हट्ट धरिला. वडील विचारावयास आले, “सर, पोरगा म्हणते नवं टाकू. टाकू देऊ काय?” मीं विचारलें, “दिवाळीच्या गर्दींत बिलें निघालीं नाहींत, तर गिऱ्हाईक थांबेल काय?” ते हसले. मुलगा हसला नाहीं. तो म्हणाला, “सर, नवें कोणीच वापरलें नाहीं, तर त्यांतले दोष सांपडणार कसे?”

प्रश्न खरा होता. दुकानदाराचें स्वास्थ्य अशाच लोकांच्या उठाठेवीवर उभें आहे. म्हणून दुकानांत स्थिर आवृत्ति बसली, आणि घरीं पडून असलेला जुना संगणक मुलास ‘सिड’साठीं मिळाला. अट एकच: महत्त्वाचें कांहीं त्यावर ठेवावयाचें नाहीं, व दोष आढळल्यास तो नीट लिहून कळवावयाचा.

एके दिवशीं तो संगणक सुरू होईना. दुसऱ्या दिवशीं मुलगा वहींत सर्व टिपून घेऊन आला: काय नवें आलें, कोणत्या क्रमानें काय केलें, पडद्यावर कोणतीं अक्षरें उमटलीं. मधल्या सुट्टींत आम्हीं त्याचें इंग्रजी सुधारलें, आणि सायंकाळीं तें डेबियनच्या दोषनोंदवहीकडे पाठविलें.