धाकटी गाडी

गेल्या प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी मी माझी मोठी मोटारसायकल विकली आणि तिच्या जागी एक लहानखुरी, बसक्या बांध्याची गाडी घेतली. एवढ्याशा घटनेची आमच्या धर्मग्रामात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या एकाही प्रवचनाची झाली नसावी. कोणी पैशाची अडचण आली का म्हणून विचारले, कोणी दबक्या आवाजात प्रकृतीची चौकशी केली. युवक मंडळाचा तर उघड उघड हिरमोड झाला. मोठ्या गाडीवरून येणारा धर्मगुरू हा त्यांच्या लेखी एक अभिमानाचा विषय होता. तेव्हा या फेरबदलामागचा विचार एकदा सविस्तर मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा धर्मग्राम नेवासे आणि शेवगाव तालुक्यांत विखुरलेला आहे. एका अंगाला जायकवाडीच्या जलाशयाचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला उसाचे मळे आणि कपाशीची काळी रानं. ख्रिस्ती कुटुंबे मुख्य देवळाभोवती थोडी. बाकीची चौदा गावांत आणि त्या गावांच्याही पलीकडच्या वस्त्यांवर. या जिल्ह्यात ज्यांनी मिशनकार्याचा पाया घातला, त्या जर्मन जेज्वीट धर्मगुरूंपैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळहून ‘निरोप्या’ सुरू केला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले आणि त्यांतील बहुतेकांना मायदेशी परतावे लागले. जुनी माणसे त्या पिढीविषयी बोलू लागली की घोडा, टांगा आणि बैलगाडी यांचा उल्लेख हमखास येतो. माझ्या बालपणी त्यांची जागा राजदूतने घेतली होती. तिचा फटफट आवाज वेशीवर ऐकू आला की आम्ही पोरे पाटी-दप्तर टाकून धावत सुटायचो. धर्मगुरू आणि त्याचे वाहन यांचे नाते आमच्याकडे असे जुने आहे.

मी विकलेली गाडी म्हणजे रॉयल एन्फिल्डने २०१६ साली बाजारात आणलेली हिमालयन. ४११ सीसीचे इंजिन, पुढचे चाक एकवीस इंची, जमिनीपासूनची मोकळी उंची २२० मिलिमीटर आणि वजन दोनशे किलोच्या घरात. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी आणि खडतर वाटांसाठीच ती घडवलेली. तिच्याविरुद्ध माझी काडीमात्र तक्रार नाही. २०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी मी तिच्यावरून जुन्या गोव्याला गेलो. दर दहा वर्षांनी येणारा तो सोहळा. पुणे, सातारा, कोल्हापूर मागे टाकून आंबोलीचा घाट उतरू लागलो तेव्हा दरीतून वर येणाऱ्या गार वाऱ्यात त्या गाडीने जी लय धरली, ती अजून अंगात आहे. से कथेड्रलच्या बाहेर रांगेत उभा असतानाही हातांना तिच्या दांड्याची थरथर जाणवत होती.

परंतु मोठ्या गाडीचा एक गुणधर्म आहे, तो चालवणाऱ्यालाच कळतो. ती पळत असते तोवर तिला वजनच नसते. दोनशे किलो लोखंड कापसासारखे हलके होते. ती थांबली, की तेच वजन क्षणार्धात परत येते आणि चालवणाऱ्याच्या एका पायावर विसावते. ज्याला सकाळी निघून संध्याकाळीच थांबायचे आहे, त्याला याचे काय? माझा दिवस मात्र थांबण्याचाच असतो. शाळेपाशी थांबा, दवाखान्याच्या दारात थांबा, पारावर कोणी हात केला की थांबा, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपाशी थांबा. एका फेरीत वीस-पंचवीस थांबे. आठशे मिलिमीटर उंचीच्या बैठकीवरून माझे पाय जमिनीला जेमतेम टेकत, आणि आमच्या वाटा कुठे सपाट आहेत?

गोव्याहून परतल्यावर महिन्याभरात एका वस्तीच्या उतारावर, गाडी उभी असतानाच, पायाखालची मुरूम निसटली आणि आम्ही दोघेही आडवे झालो. फारसे लागले नाही. गुडघा तेवढा पूर्वीचाच दुखरा होता, तो अधिक दुखावला. डॉक्टरांनी आतली गादी झिजल्याचे सांगितले. गाडी उचलायला मात्र रानातून तीन गडी यावे लागले. त्यांतला एक जण, बायबलची बऱ्यापैकी माहिती असलेला, हसत म्हणाला, ‘‘फादर, संत पौलबी असाच घोड्यावरून पडला व्हता!’’ मी धूळ झटकत त्याला सांगितले की प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या परिवर्तनाची हकिकत नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अशा तीन अध्यायांत येते, पण घोडा एकाही ठिकाणी नाही. तो घोडा चित्रकारांनी आणला. कॅराव्हाज्जियोच्या प्रसिद्ध चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग तर त्या घोड्यानेच व्यापला आहे. सेमिनरीत शिकलेले असे अवेळी उपयोगी पडते!

खरे कारण मात्र गुडघा नव्हे. गुडघ्यासाठी धर्मग्राम परिषदेने चारचाकी सुचवली होती, आणि ती सूचना मनापासूनची होती. चारचाकीच्या काचा वर असतात आणि रस्त्यावरचा माणूस तिला हात करत नाही, या कारणासाठी मी ती नाकारली. खरे कारण आमचे मास्तर.

मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. वय सत्तरीच्या पुढे. चार धर्मगुरूंबरोबर त्यांनी काम केले आहे, मी पाचवा. कुठल्या घरात कोणाचे बाप्तिस्मे राहिले, कोणाचे भांडण कोणत्या बांधावरून, कोणती सून माहेरी निघून गेली आणि का, हे धर्मग्रामाच्या कोणत्याही नोंदवहीत नाही. ते मास्तरांपाशी आहे. माझ्या पूर्वीच्या धर्मगुरूंच्या मागे बसून ते गावोगाव हिंडत. हिमालयन आल्यावर ते हळूहळू थांबले. तिची मागची बैठक आणखी उंच, आणि मास्तर धोतर नेसणारे. पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले होते, ‘‘फादर, ही गाडी हाये का उंट? आमाला चढाया शिडी लागंल.’’ आम्ही दोघेही हसलो. पुढे ते म्हणू लागले, ‘‘तुम्ही व्हा पुढं, मी येतो एस.टी.नं.’’ आणि एस.टी. आमच्या अर्ध्या गावांना दिवसातून एकदा जाते.

नवी गाडी बजाजची ॲव्हेंजर आहे. नवी म्हणजे मला नवी, तिचा मी दुसरा मालक. २००१ साली कावासाकी-बजाजची एलिमिनेटर नावाची क्रूझर आली होती; तिच्याच वंशातली ही, २००५ पासूनची. इंजिन २२० सीसी, वजन सुमारे एकशे साठ किलो आणि बैठक अवघी ७३७ मिलिमीटर उंच. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात. मागे पाठ टेकायला जागा आहे. मास्तर पहिल्या दिवशी धोतराचा सोगा सावरून बसले आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठी पसंती होय.

या निर्णयाला कोणी त्यागाचा मुलामा देऊ लागले, की मला संकोच वाटतो. २०१३ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनीने आपल्या ११० व्या वर्धापनानिमित्त पोप फ्रान्सिस यांना एक मोटारसायकल भेट दिली होती. पोपमहोदयांनी टाकीवर स्वाक्षरी केली आणि ती लिलावात काढण्यासाठी देऊन टाकली. २०१४ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये तिला २ लाख ४१ हजार ५०० युरो मिळाले. ते रोमच्या कारितास संस्थेच्या निवाऱ्यासाठी आणि अन्नछत्रासाठी गेले. त्याग म्हणायचा तर तो. मी एक गाडी देऊन दुसरी घेतली आणि वर पेट्रोलचीही बचत केली. जुनी लिटरला तीस किलोमीटर जाई, ही चाळिसाच्या आसपास जाते.

शिवाय तोटेही आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असल्यामुळे खड्डा आला की उभे राहून तो झेलता येत नाही. सगळा हादरा माकडहाडाला जाऊन भिडतो. जमिनीपासूनची मोकळी उंची १६९ मिलिमीटर, म्हणजे पूर्वीपेक्षा दोन इंच कमी. आणि आमची काळी माती! पहिल्या पावसानंतर ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की चाकच फिरेनासे होते. हिमालयनचे पुढचे मडगार्ड उंच होते. तिला ही अडचण फारशी जाणवत नसे.

ऑगस्टात ही अडचण प्रत्यक्ष समोर आली. रात्री आठच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून फोन आला, आजी अखेरच्या आहेत, लवकर या. मी पवित्र तेलाची कुपी आणि ख्रिस्तशरीराची डबी घेतली, वाटेत मास्तरांना घेतले. पाणंद सुरू झाली आणि शंभर पावलांत गाडी रुतली. मोठी गाडी तिथून गेली असती, याविषयी मला शंका नाही. आम्ही ती उसाच्या कडेला लावली आणि बॅटरीच्या उजेडात चालू लागलो. पंचवीस मिनिटे लागली. मास्तर चालता चालता आजीबद्दल सांगत होते. १९७२ च्या दुष्काळात पाठीशी पोर बांधून तिने खडी फोडली. नवरा वारला तेव्हा दोन एकर विकायला लावणाऱ्या भावकीला तिने दारातून परत पाठवले. आणि एका लेकाशी ती अकरा वर्षे बोलली नव्हती. तो लेक त्या रात्री ओट्यावर बसलेला होता. मास्तर मला काही न विचारता त्याच्याजवळ जाऊन बसले, आणि मी आत तेल अभ्यंग करत असताना त्याला हाताला धरून आत घेऊन आले. आजीने डोळे उघडले ते मास्तरांच्या आवाजाने. ती तिसऱ्या दिवशी गेली.

तरीही परिषदेच्या बैठकीत एका सभासदांनी प्रश्न केला, आणि तो रास्त होता: ‘‘फादर, त्या पंचवीस मिनिटांत आजी गेली असती तर?’’ मी बराच वेळ गप्प राहिलो. मग मी उलट विचारले, आजी चार महिने अंथरुणाला खिळून होती. मग मला रात्री आठ वाजता, ‘अखेरची’ म्हणून, का बोलावले? याचे उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. तेल लावले की माणूस जातो, ही भीती आमच्या घराघरांत अजून ठाण मांडून बसली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मृत्यूच्या दारात पोहोचलेल्यांसाठी नाही. आजाराने वा वार्धक्याने जिवाला धोका जाणवू लागताच तो घेण्याची योग्य वेळ आलेली असते. म्हणूनच त्याला ‘अंतिम अभ्यंग’ न म्हणता ‘रुग्णाभ्यंग’ म्हणणे अधिक उचित. साठ वर्षे उलटून गेली. आम्ही मात्र अजून धर्मगुरूच्या गाडीचा वेग मोजतो आहोत.

त्या बैठकीत ठरले ते असे: पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, चौदाही गावांतील अंथरुणावरच्या रुग्णांची यादी मास्तरांनी करायची आणि प्रत्येकाला घरी जाऊन रुग्णाभ्यंग द्यायचा, घरच्यांना समोर बसवून. पाणंदीच्या तोंडाशी राहणाऱ्या दोन शेतकऱ्यांनी रात्री-अपरात्री ट्रॅक्टर काढायचे कबूल केले आहे. त्यांतला एक जण ख्रिस्ती नाही. त्याने स्वतःहून नाव दिले. पहिली यादी तयार झाली आहे. तीत एकोणचाळीस नावे आहेत, आणि त्यांपैकी सहा जण अंथरुणाला खिळले आहेत हे मला ठाऊकही नव्हते.

हिमालयन आमच्या धर्मप्रांतातील एका तरुण धर्मगुरूने घेतली. त्याचा धर्मग्राम डोंगराळ आहे, त्याचे पाय लांब आहेत आणि गुडघे उत्तम. मास्तरांची नव्या गाडीविषयी आता एकच तक्रार उरली आहे. पाठ टेकायचा तो लोखंडी दांडा चार बोटे वर घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या बाजारी शेवगावला जाऊन तो वेल्डरकडून वाढवून आणणार आहोत.